कापडी लंगोट आणि आईचा मुक्काम

३ मार्च

छोटी,

फोनवर तुम्ही दोघी एकमेकींची वाक्यं तोडता, म्हणून पत्रं लिहा, असं आईचं म्हणणं. पत्रात समोरचीला मध्येच ‘अगं पण ताई’ म्हणता येत नाही. तिचा शब्द मोडवत नाही म्हणून लिहायला बसले आहे. राग गेला असा अर्थ काढू नकोस.

राग कशाचा ते तुला ठाऊक आहे, तरी एकदा कागदावर येऊ दे. बाळाला जेमतेम आठवडा झाला होता. तुझा आवाज इतका दमलेला होता की मी साधं सुचवलं, बाजारातले डायपर आण, वापर, फेक आणि दोन तास झोप काढ. त्यावर तू काय म्हणालीस? “ताई, ठकीचे डायपर अजून कुठल्यातरी उकिरड्यावर जसेच्या तसे पडले असतील.” माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. केस स्वतः विंचरते, भांडते, दार आपटते. आणि तुला तिच्या तान्हेपणातलं काय आठवावं, तर तिने केलेला कचरा!

हो, मी फेकले. ठकीचा बाबा तेव्हा बोटीवर होता. म्हणजे निदान तो तसं म्हणायचा. मी दिवसभर हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात लोकांच्या चादरी धुवायचे. रक्त, औषधं, काय काय. घरी येऊन पुन्हा बादलीपुढे बसायचं त्राण नव्हतं. तू पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतेस, नदीत काय मिसळतं ते तुला भिंगाखाली दिसतं, हे मला मान्य. मला त्या वेळी फक्त उद्याची पाळी दिसायची.

असो. बाळाचा फोटो ठकीने तिच्या टेबलावर लावला आहे. त्याचे गाल बघून आम्ही त्याचं नाव ढब्बू ठेवलंय. खरं नाव तुम्ही काय ठेवाल ते ठेवा.

काल आई तुझ्या घरून व्हिडिओवर बोलत होती तेव्हा तिच्या मागे दोरीभर लंगोट वाळत होते. बोटं सुजल्यासारखी दिसली. मी विचारलं तर म्हणाली, थंडीने. थंडीने सुजली की गार पाण्याने, ते तूच बघ. या वयात तिला बादलीशी जुंपू नका.

ठकीला आजीची फार आठवण येते. उगाच आजीच्या खोलीत जाऊन बसते. एप्रिल संपता संपता आई परत येईल असं ठरलंय, तेवढं लक्षात असू दे.

ताई


२१ मार्च

छोटी,

तुझं पत्र पोचलं. चार पानं, आणि त्यातली तीन लंगोटांवर! मी लग्नाआधी नवऱ्याची एवढी चौकशी केली असती तर बरं झालं असतं.

सगळं वाचलं. बाजारातले आतून प्लास्टिकचे, ते तुला नकोतच. दुसरे बांबूच्या धाग्याचे, मातीत मिसळतात असं त्यांच्यावर लिहिलेलं असतं, पण तुझा त्यावर भरवसा नाही. तिसरे कापडी, ज्यांच्यावर तुझं मन बसलं. वरून पाणी न झिरपणारं आवरण, आत सुती घड्यांची गादी, आणि ओलं झालं की फक्त गादी बदलायची. ठीक आहे. तुझं बाळ, तुझी दोरी.

पण त्या पत्रात तू सहज एक वाक्य लिहिलं आहेस, की विकतच्या गाद्या जाड आणि महाग, म्हणून जुन्या फ्लॅनेलच्या चादरी फाडून आईच शिवते आहे. शेजारणीकडून मशीन आणलंय. “आई इतकी रमली आहे की जेवायला हाका माराव्या लागतात.”

छोटी, आपली आई शाळेत शिवण शिकवायची हे मी तुला सांगायला नको. पण बाबा गेल्यावर, निवृत्त होऊन ती माझ्याकडे राहायला आली आणि दुसऱ्याच महिन्यात म्हणाली, डोळ्यांना सुईचं नाक दिसत नाही. आपलं मशीन आम्ही देऊन टाकलं. ठकीच्या शाळेच्या गणवेशाची शिवण उसवली की मी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जाते. मागच्या वर्षी नाटकात ठकीला परी व्हायचं होतं, पंख मी डिंकाने चिकटवले, आणि ते मंचावरच गळून पडले. आई पहिल्या रांगेत बसून हसत होती. मला वाटत होतं, बिचारीचे डोळे गेले. डोळे गेले नव्हते, गिऱ्हाईक बदललं होतं.

हे वाचून तू आईला काही बोलू नकोस. मी तुला बोलते आहे.

माझ्या कामातलं एक सांगते, तेवढं ऐक. कपडे मऊ करणारं ते सुगंधी पाणी लंगोटांना घालू नकोस. कापडावर त्याचा थर बसतो आणि ते पाणी शोषेनासं होतं. आमच्याकडे एकदा नव्या मुलीने टॉवेलांना घातलं, रुग्ण पुसतायत आणि अंग ओलंच. आधी गार पाण्यात खळबळून काढायचं, मग कडक गरम पाण्यात धुवायचं आणि उन्हात टाकायचं. तुझ्या मास्तरांना सांग, शाळेत गणित शिकवणाऱ्याला एवढा क्रम पाठ व्हायला हरकत नाही. अर्थात धुणं आईच्याच वाट्याला येत असणार, तेव्हा तिलाच सांग.

ताई


९ एप्रिल

छोटी,

तुझं परवाचं पत्र मी हॉस्पिटलात जेवणाच्या सुट्टीत वाचलं, डबा तसाच परत आणला.

म्हणजे असं झालं तर. मे महिन्यात तुझी रजा संपते, ढब्बूला पाळणाघरात ठेवायचं ठरलेलं होतं, पण पाळणाघरवाल्या बाई म्हणतात की आमच्याकडे कापडी लंगोट चालणार नाहीत, वापरून फेकायचेच आणा. तू म्हणतेस, ते मी आणणार नाही. आणि आई म्हणते, मग मी थांबते, बाळ माझ्याकडे राहील.

किती दिवस थांबते? तर “तो स्वतःहून शी-शूला बसायचं सांगेपर्यंत.” म्हणजे दोन वर्षं. लंगोट कापडाचे की प्लास्टिकचे, यावरून आपल्या आईचा पत्ता बदलणार, आणि तुम्ही तिघांनी ते चहा पिता पिता ठरवलंत. मला पत्राने कळवलंत, हे उपकार.

तुला वाटत असेल, ताईला काय, ती खमकी आहे. सगळ्यांना तेच वाटतं. तू लहान होतीस तेव्हा तू आजारी पडलीस की आई तुझ्याजवळ निजायची, आणि मी आजारी पडले की मला सांगायची, औषध फडताळात आहे, घे. मी घ्यायचे. माझं काही बिघडलं नाही. पण म्हणून प्रत्येक वेळी फडताळ माझ्या वाट्याला आणि आई तुझ्या वाट्याला, हे कुठवर चालायचं?

चिडून नुसती बसले नाही. मोठ्या दुकानात जाऊन ते बांबूवाले, मातीत मिसळणारे डायपर शोधले. एक खोकं आजच पाठवलं आहे. पाळणाघराच्या बाईंना फेकायचे हवेत, हे फेकता येतात. तुला पृथ्वीची काळजी, हे मातीत जातात. घरी तू तुझे कापडी वापर, पाळणाघरात हे. तुझं तत्त्वही शाबूत आणि आईही मोकळी. संपले की सांग, पुढचं खोकं पाठवीन. ढब्बू लंगोट सोडेपर्यंत पाठवीन.

ठकी आजीसाठी झुरते आहे. खाणं कमी झालंय.

ताई


२४ एप्रिल

खोकं परत आलं. पोस्टमन म्हणाला, नाकारलंय. मी त्याला म्हटलं, हो, आमच्यात हे चालतं.

छोटी, मागोमाग आलेली तुझी चिठ्ठी वाचली. ते डायपर मातीत मिसळतात हे खरं, पण त्यासाठी वेगळा कारखाना लागतो, जिथे कचरा तापवून, हवा खेळती ठेवून कुजवतात. तुमच्या गावात तसा कारखाना नाही. गाडी येते, सगळं एकाच ढिगावर नेऊन टाकते, आणि त्या ढिगाच्या पोटात ना हवा ना ऊन. तिथे बांबू काय आणि प्लास्टिक काय, बराच काळ एकमेकांच्या सोबतीने पडून राहणार. “ताई, तू प्रेमाने पाठवलंस, पण मला स्वतःची फसवणूक करायची नाही.”

मी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. तू म्हणतेस तसंच लिहिलं आहे. तू खोटी असतीस तर मला फार सोपं गेलं असतं.

आणि ‘प्रेमाने पाठवलंस’ हे जे लिहिलं आहेस ना, ते आईने सांगून लिहिलं असणार. तुला पक्कं माहीत आहे, मी का पाठवलं ते.

मी रजा टाकली आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात येते आणि आईला घेऊन जाते. रोज एवढे लंगोट धुऊन तिच्या पाठीचं काय झालं असेल ते मला इथे बसून दिसतंय. ठकी मावशीबाईंकडे राहील, शेजारच्याच आहेत. तोवर दुसरी सोय बघून ठेव.

ताई


१९ मे

छोटी,

मी निघाले तेव्हा तू कामावर होतीस, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. आणि खरं तर तिथे होते तेव्हाही झालं नाही. तू सकाळी जायचीस, संध्याकाळी यायचीस, ढब्बूला उराशी धरून तिथेच डुलक्या घ्यायचीस. मधल्या वेळात तुझ्या घरात काय काय झालं, ते तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं आता सांगते.

मी आले त्या पहिल्या सकाळी तू झोपली होतीस. मला पाण्याचा आवाज आला. मी मनाशी म्हटलं, बघ, पहाट झाली नाही तोच म्हातारीला बसवलं बादलीपुढे. तशीच उठून गेले. न्हाणीघरात मास्तर. गुडघ्यापर्यंत विजार दुमडलेली, शेजारी मुलांच्या तपासायच्या वह्यांचा गठ्ठा कोरड्या जागी ठेवलेला, आणि हातात लंगोट. आधी गार पाणी, मग गरम. मला बघून ओशाळले आणि म्हणाले, “तुमच्या पत्रातला क्रम भिंतीवर लिहून लावलाय.” खरंच लावला होता.

मी विचारलं, आई कुठे आहे. त्यांनी गॅलरीकडे बोट केलं. आई वेताच्या खुर्चीत उन्हाला पाय सोडून बसली होती, मांडीवर ढब्बू, हातात चहा. ती त्याला काहीतरी सांगत होती आणि तो ऐकत होता. बोटं मुळीच सुजलेली नव्हती. मी म्हटलं, धुणं तू नाही करत? ती म्हणाली, “मला हात लावू देतील तर ना. पहिल्या दिवसापासून जावईच करतात.”

छोटी, त्या वेळी मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. माझी पार निराशा झाली. मी इतके दिवस मनात आईला बादलीपुढे बसवलं होतं, तिची पाठ दुखवली होती, बोटं सुजवली होती, आणि तिला सोडवायला निघाले होते. तिला तिकडे कष्ट पडावेत अशी माझी इच्छा होती, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. ती सुखात होती. सुखातून सोडवून कुणाला कसं आणणार?

शिवाय मास्तर. ठकीच्या बाबाने तिचा डायपर बदललेला मला आठवत नाही. वास आला की तो खिडकी उघडायचा. तुझ्या नशिबात आईही आणि न्हाणीघरातला हा माणूसही. पहिले दोन दिवस मी तुझ्याशी तुटक वागले, ते प्रवासाच्या शिणाने नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला सरळ म्हटलं, सामान भर. ती म्हणाली, “आणि बाळ?” मी म्हटलं, पाळणाघर. ती म्हणाली, “ते लंगोट घेत नाहीत.” मी म्हटलं, मग फेकायचे वापरा, जग वापरतं. ती म्हणाली, “तिच्या मनाविरुद्ध करून मी जाणार नाही. तुझ्या मनाविरुद्ध तरी मी कधी काही केलंय का?” मी चपला घातल्या आणि पाळणाघर गाठलं.

तुला वाटतं मी ढब्बूच्या भल्यासाठी गेले, मास्तरही चारचौघांत तसंच सांगतात. मी आईला घेऊन यायला गेले होते. कापडी लंगोट चालले तरच आई सुटणार होती, म्हणून ते चालवायला गेले. ज्या लंगोटांच्या नावाने मी दोन महिने बोटं मोडली, त्यांची वकिली करत मी त्या बाईंच्या दारात उभी होते.

बाई वाईट नाहीत. मला वाटलं होतं, हटवादी असतील. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “माझ्याकडे दोन मुली कामाला आहेत आणि खोलीभर पोरं. एकाची घडी घालायची, पिन लावायची, ओलं काढून कुठे ठेवायचं ते बघायचं, तोवर दुसरं रडतं. तत्त्व तुमच्या बहिणीचं, त्याचा वास माझ्या मुलींनी का घ्यायचा?”

छोटी, मी तिथे तुझ्या बाजूने गेले होते आणि मला बाईंचंच पटलं. वॉर्डातून उघडी भरलेली चादर नुसती फेकून खाली पाठवतात तेव्हा मीही हेच म्हणते. तू त्यांना नदीबद्दल सांगितलंस, त्यांच्या मुलींच्या हातांबद्दल विचारलं नाहीस.

मी म्हटलं, घडी घालायची नाही, पिन नाही, ओल्याला हात लावायचा नाही, असं करून आणलं तर घ्याल? त्या म्हणाल्या, करून आणा, मग बोलू.

मग मशीनवर बसलो आम्ही दोघी. आई मशीनवर, मी शेजारी कात्री घेऊन. आवरण आणि गादी आधीच एकत्र शिवून टाकायची, म्हणजे घालताना एकच तुकडा. पिनांऐवजी कंबरेला दाबायची बटणं. ओल्यासाठी चेन लावलेली पिशवी, आतून पाणी न झिरपणारी. आमच्याकडे संसर्गाच्या चादरी अशाच बंद पिशवीत येतात आणि पिशवीसकट यंत्रात जातात, कुणी उघडून बघत नाही. घरी पिशवी मास्तर उलटी करतील, त्यांना आता कशाचं काही वाटत नाही.

पहिला लंगोट घेऊन गेले तो फसला. बाईंनी ढब्बूला मांडीवर घेतलं, छान छान म्हणाल्या, आणि पाचव्या मिनिटाला त्यांचं पातळ भिजलं. मांडीजवळचं इलास्टिक सैल राहिलं होतं. मी इतकी शरमले की तुझ्या घरी येऊन आईवर ओरडले, डोळे गेलेत तर सांग ना तसं. आईने चष्मा पुसला आणि शिवण उसवायला घेतली. म्हणाली, “धर हे टोक.”

मी टोक धरलं. ती उसवत होती. तेव्हा मी तिला विचारलं. अकरा वर्षं विचारायचं होतं ते असं शिवण उसवताना विचारलं.

“ठकीच्या वेळी तू का नाही आलीस?”

ती वर न बघता म्हणाली, “तू बोलावलं नाहीस.”

“आईला बोलवावं लागतं?”

“तुझ्याकडे यायचं तर लागतं. तू फोनवर म्हणालीस, सगळं व्यवस्थित आहे, उगाच दगदग करू नकोस. मी सामान बांधून ठेवलं होतं गं. तुझे बाबा रोज विचारायचे, जातेस ना? मी म्हणायचे, ती नको म्हणते. लहानपणी तुझी वेणी घातली तरी तू सोडून पुन्हा स्वतः घालायचीस. मला वाटलं, मी आले तर तुला वाटेल, तुला जमत नाही असं मी ठरवलं.” मग दोरा तोडून म्हणाली, “छोटीने फोन केला आणि नुसती रडली. तिला रडता येतं. तुला येत नाही, त्यात माझीही चूक असेल.”

मी म्हटलं, मला वाटलं तू समजून घेशील. ती म्हणाली, “मी समजूनच घेतलं. चुकीचं समजले.”

मी इलास्टिक ताणून धरलं, तिने त्यावरून सावकाश टाके घातले. सुई तिला खरोखर नीट दिसत नाही, छोटी. बोटाने चाचपून शिवते. तुझ्यासाठी तिचे डोळे परत आले वगैरे काही झालेलं नाही. तिथे बाळ निजलं की तिला वेळ खायला उठतो म्हणून ती मशीनवर बसते, आणि इथे मी तिला कधी काही करू दिलं नाही. मशीन देऊन टाकायची घाईही मीच केली होती, हेही तिने जाता जाता ऐकवलं.

आणखी एक. ती म्हणाली, “ठकी मला फोनवर म्हणाली, आजी तू सावकाश ये, माझं काही अडत नाही, आईच तुझ्या खोलीत जाऊन बसते.” तेव्हा ठकीच्या झुरण्याबद्दल मी तुला जे जे कळवलं, ते तू योग्य माणसाच्या नावावर टाकून पुन्हा वाच.

दुसरा लंगोट टिकला. बाईंनी त्यांच्या एका मुलीला बोलावलं आणि न शिकवता बदलायला सांगितलं. तिने बटणं उघडली, काढलं, पिशवीत टाकलं, चेन ओढली, नवा लावला, आणि विचारलं, झालं? बाई म्हणाल्या, महिनाभर बघू. पुढचं तुला माहीतच आहे.

मी एकटीच परत आले. निघताना आईला ‘चल’ म्हणाले नाही, कारण पाळणाघराचा महिना व्हायचा होता. आणि दुसरं कारण, मला ते तोंडाने म्हणता येईना.

तर आता असं कर. हे खालचं आईला वाचून दाखव. तिला चष्म्यानेही माझं अक्षर लागत नाही.

आई, तू ये. तुझी पाठ दुखते म्हणून नाही, ठकी जेवत नाही म्हणून नाही. पाळणाघराचं जमलं तर ये, नाही जमलं तर जमेल तेव्हा ये, पण ये. मला तू घरी हवी आहेस. मी बोलावते आहे.

ताई


२७ जून

छोटी,

आईला येऊन आठवडा झाला. प्रवास नीट झाला. पाळणाघराच्या बाईंनी आणखी एका आईला तसेच लंगोट आणायला सांगितलेत, हे तिने दार उघडता उघडता सांगितलं, चपलाही काढल्या नव्हत्या. ठकीने तिला मिठी मारली. मी चहा टाकायला आत गेले आणि तिथे जरा वेळ लावला. चहा उकळून गेला. आई स्वयंपाकघरात आली, गॅस बंद केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मला रडता येतं, छोटी. सराव नव्हता.

एक मशीन बघितलं आहे, जुनंच पण चालू. जोडीला मोठा दिवा घेणार आहे. दर महिन्याला ढब्बू वाढणार, त्याच्या मापाचे लंगोट इथून शिवून येतील. माप मास्तरांना घ्यायला सांग, तू उगाच सैल घेशील.

आज सकाळपासून तिने मला ढब्बूचे तेच तेच फोटो तीनदा दाखवले. इथे माझ्यासमोर बसून ती तिथे असते. मी ‘हो हो, गोड आहे’ म्हणते आणि आतून जळते. दुपारी तुझं पत्र आलं. आई गेल्यापासून गॅलरीतली खुर्ची बघवत नाही, ऑफिसातून घरी यावंसं वाटत नाही, ताई तुझं बरं आहे, तुझ्याजवळ ती कायमची आहे, मला तुझा हेवा वाटतो, असं तू लिहिलं आहेस.

खोटं कशाला बोलू? वाचून मला फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांत माझा कुणी हेवा केला नव्हता, तोही तू. ते वाक्य मी परत परत वाचलं. मग आईला वाचून दाखवलं, तर तिचे डोळे तुझ्यासाठी भरून आले, आणि मी पुन्हा जळायला लागले.

आमच्याकडे आईची खोली दोघींना पुरते, तीत पाळणाही मावेल. मास्तरांच्या शाळेला सुट्टी लागली की तिघंही या. फार वाट बघायला लावू नकोस. मी बोलावते आहे.

तुझी
ताई